कचऱ्याने भरलेल्या बागेत नाणी शोधायला कुठला मेटल डिटेक्टर घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘कुठला डिटेक्टर घेऊ?’ असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, कुठे फिरवणार? शेत, समुद्रकिनारा आणि बाग या तिन्ही जागांचं दुखणं वेगळं आहे. खालचे प्रश्न फक्त बागेबद्दलचे आहेत. बाग म्हणजे अशी जागा, जिथे लोक वर्षानुवर्षं बसले, खाऊन-पिऊन उठले आणि खिशातून पडलेल्या नाण्यांपेक्षा कितीतरी जास्त पत्रा मागे टाकून गेले. तेच ते प्रश्न येत राहतात म्हणून एका जागी लिहून ठेवले आहेत.

१. शेतात चांगला चालणारा डिटेक्टर बागेतही चालेलच ना?

चालेल, पण नाणी कमी देईल. शेतात बरीच पावलं चालल्यावर एखादा आवाज येतो, म्हणून तिथे खोलीला किंमत आहे. जुन्या बागेत कॉइल (मशीनच्या खालच्या टोकाची तबकडी) एकदा डावीकडून उजवीकडे नेली की तिच्याखालून खिळा, कॅनची कडी, चॉकलेटची चांदी आणि पत्र्याचं बूच असं सगळं एका दमात निघून जातं. तिथे खोलवरचं दिसण्यापेक्षा शेजारशेजारचे तुकडे सुटेसुटे ऐकू येणं जास्त कामाचं. मशीन निवडताना मी आधी पाहतो की त्याला लहान कॉइल मिळते का. मग रिकव्हरी स्पीड (म्हणजे काय ते प्रश्न ५ मध्ये), मग लोखंडाचा आवाज ते कसा देतं, आणि खोली सगळ्यांत शेवटी. जाहिरातींत हाच क्रम नेमका उलटा असतो.

२. डिटेक्टरला नाणं कळतं तरी कसं?

कळत नाही. त्याला फक्त धातू कळतो, आणि त्यावरून तो एक अंदाज आकड्यात सांगतो. कॉइल जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते, त्याने धातूच्या आत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह फिरू लागतात, आणि ते प्रवाह स्वतःचं उलट क्षेत्र तयार करतात. हे उत्तर किंचित उशिरा परत येतं. तो उशीर किती, यावरून पडद्यावरचा आकडा ठरतो. उशीर धातूच्या वाहकतेवर अवलंबून असतो, पण तुकड्याच्या आकारावर आणि जाडीवरही असतो. बागेतला सगळा घोळ इथेच आहे.

तांब्याची वाहकता १०० धरली तर चांदीची साधारण १०५ येते, सोन्याची ७० च्या थोडी वर, ॲल्युमिनियमची ६० च्या आसपास. तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूची, म्हणजे ज्याची नाणी जगभर पाडली जातात त्याची, जेमतेम ५. त्यामुळे चांदीचं किंवा तांब्याचं मोठं नाणं आकड्यांच्या वरच्या टोकाला निवांत बसतं, तर तांबं-निकेलचं नाणं खाली चांदीच्या कागदाच्या आणि कड्यांच्या गर्दीत सापडतं. आणि चेपलेला ॲल्युमिनियमचा कॅन, निव्वळ आकाराच्या जोरावर, मोठ्या चांदीच्या नाण्याचा आव आणतो.

३. व्हीएलएफ, पल्स, मल्टी-फ्रिक्वेन्सी. यातलं बागेसाठी काय?

पल्स इंडक्शन, म्हणजे थांबूनथांबून विजेचे झटके सोडणारं मशीन, बाजूला ठेवा. ते खारट वाळूत आणि खनिजांनी भरलेल्या जमिनीत उत्तम, पण लोखंड आणि नाणं यांतला फरक सांगण्यात कच्चं. बागेत ते घेऊन गेलात तर दिवसभर खिळेच खणाल.

राहिलं व्हीएलएफ, म्हणजे अतिशय कमी फ्रिक्वेन्सीच्या सलग लहरींवर चालणारं नेहमीचं मशीन. त्यात एका फ्रिक्वेन्सीचं की एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारं, हा वाद आहे. मल्टीचा मोठा फायदा ओल्या खारट वाळूत दिसतो. बागेत त्याचा उपयोग म्हणजे आकडा जरा जास्त खोलीपर्यंत स्थिर राहतो. १० ते १५ किलोहर्ट्झवर चालणारं एकाच फ्रिक्वेन्सीचं चपळ मशीनही बागेत भरपूर नाणी काढतं. हौस परवडत असेल तर मल्टी घ्या, नसेल तर कमीपणा वाटून घेऊ नका.

एक मात्र तपासा. काही मशीनवर ‘तीन फ्रिक्वेन्सी’ असं लिहिलेलं असतं, पण त्या एका वेळी एकच निवडायच्या असतात. ती मल्टी नव्हे. वाईट नाही, पण वेगळी गोष्ट आहे.

४. ‘मास्किंग’ म्हणजे काय? सगळे तोच शब्द वापरतात.

खिळ्याने शेजारच्या नाण्याला झाकून टाकणं. कॉइलखाली दोन्ही एकदम आले की मशीनला दोघांचं मिळून एक उत्तर मिळतं. त्यात लोखंडाचा आवाज मोठा असला की नाणं गप्प. नाणं दोन बोटं खोल असेल, तरी कॉइल त्यावरून दहादा जाईल आणि तुम्हाला पत्ता लागणार नाही.

हे दुखणं डिटेक्टरइतकंच जुनं आहे. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळीबार झाला, तेव्हा शरीरातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल आपलं यंत्र घेऊन आले होते. यंत्र बरोबर चालत होतं, पण गोळी सापडली नाही. एक तर डॉक्टरांनी शोध शरीराच्या उजव्या बाजूपुरताच ठेवला, आणि दुसरं म्हणजे गादीत पोलादी स्प्रिंगा होत्या. बागेतला गंजका खिळा त्या स्प्रिंगांचाच वारसदार समजा.

यावरचे उपाय दोनच, चपळ मशीन (प्रश्न ५) आणि लहान कॉइल (प्रश्न ६).

५. रिकव्हरी स्पीड किती हवा?

एका तुकड्याचं उत्तर देऊन झाल्यावर दुसऱ्यासाठी मशीन किती लवकर तयार होतं, तो रिकव्हरी स्पीड. तो मंद असला की खिळ्याचा ‘घुर्रर्र’ संपायच्या आत नाणं कॉइलखालून निघून जातं. निरनिराळ्या कंपन्या त्याला निरनिराळी नावं देतात. एक्सपी कंपनीच्या मशीनवर तोच ‘रिॲक्टिव्हिटी’ म्हणून भेटतो.

आकड्यांची तुलना दोन कंपन्यांमध्ये करू नका. माइनलॅब इक्विनॉक्स ८०० वर १ ते ८ अशा पायऱ्या आहेत, त्याच घरातल्या ६०० वर १ ते ३, आणि नोक्ता लेजंडवर १ ते १०. लेजंडचा ५ आणि इक्विनॉक्सचा ५ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. वेग वाढवला की खोली थोडी कमी होते, आवाज तुटक आणि आखूड येतो. नवख्याला तो आवाज नकोसा वाटतो म्हणून तो वेग उतरवतो, आणि मास्किंग परत ओढवून घेतो. मी कचऱ्यात मधल्यापेक्षा वरच्या पायरीवर चालवतो, आणि जागा मोकळी लागली की दोन पायऱ्या खाली येतो.

६. कॉइल मोठी की छोटी? कॉन्सेंट्रिक की डबल-डी?

या पानावरचं सगळ्यांत महत्त्वाचं उत्तर हेच. बहुतेक मशीनसोबत ११ इंचांच्या आसपासची कॉइल येते, म्हणजे २८ सेंटिमीटर. जुन्या सहलीच्या जागेत २८ सेंटिमीटरच्या वर्तुळात किती पत्रा असतो ते एकदा मोजून पाहा. तिथे ६ इंचांची कॉइल लावली की तेच मशीन अचानक शहाणं झाल्यासारखं वाटतं, कारण तिच्याखाली एका वेळी कमी तुकडे येतात.

माझी चूक सांगतो. पहिलं मशीन घेतल्यावर मी आधी मोठी कॉइल घेतली, खोल जायला मिळेल म्हणून. बागेत ती घेऊन तासन् तास फिरलो आणि घरी फक्त चेपलेले कॅन आणले. नंतर छोटी लावून त्याच पट्ट्यात गेलो तेव्हा खिळ्यांच्या मधली नाणी बोलू लागली.

आता कॉइलच्या आतली रचना. कॉन्सेंट्रिक (एकात एक गोल वेटोळी असलेल्या) कॉइलचं क्षेत्र खाली निमुळतं होत जातं. डबल-डी (इंग्रजी D च्या आकाराची दोन वेटोळी असलेल्या) कॉइलचं क्षेत्र पुढून मागे उभ्या पात्यासारखं असतं. पातं अरुंद असल्यामुळे डावी-उजवीकडे तुकडे वेगळे करण्यात डबल-डी पुढे, आणि खनिज जमिनीतही ती शांत राहते. पण कॉन्सेंट्रिकला टाकाऊ समजू नका. सौम्य मातीत ती पत्र्याच्या बुचांना जास्त चांगलं पकडते (प्रश्न ९), आणि नेमका मध्यबिंदू दाखवते.

लहान कॉइलची किंमत म्हणजे वेळ. पट्टे अरुंद होतात आणि एका सकाळी जेमतेम एक कोपरा होतो. मोकळ्या हिरवळीवर मोठी आणि बाकं, झाडं, खेळणी यांच्या भोवती छोटी, अशा दोन ठेवता आल्या तर उत्तम. म्हणूनच, ज्या मशीनला छोटी कॉइल मिळतच नाही ते बागेसाठी घेऊ नका, बाकी कितीही गुण असोत.

७. डिस्क्रिमिनेशन वाढवलं की कचरा गप्प होईल. मग प्रश्न कुठे उरला?

कचरा गप्प होईल, आणि त्याच्यासोबत थोडी नाणीही. डिस्क्रिमिनेशन म्हणजे ठरावीक आकड्यांवर आवाज बंद. त्याने खिळा जमिनीतून जात नाही, फक्त तुमच्या कानाआड होतो. खिळा आणि नाणं यांचं मिळून आलेलं उत्तर बंद पट्ट्यात पडलं, की तुम्हाला शांतता ऐकू येते आणि तुम्ही पुढे निघून जाता.

याऐवजी लोखंडाला जाड, खालचा, हळू आवाज द्या आणि बाकीच्याला वरचा. ही सोय बऱ्याच मशीनवर असते. काहींवर ती ‘आयर्न ऑडिओ’ या नावाने भेटते. गॅरेट एटी प्रो आणि एस ४०० वर ती आहे. लोखंडाची कुरकुर चालू ठेवली की तिच्यामधून आलेली एक चिमणीसारखी ‘टिक’ ओळखू येते. पहिले दोन-तीन दिवस डोकं उठतं. नंतर कान आपोआप चाळणी लावतात.

८. कॅनच्या कड्या कशा टाळायच्या?

पूर्णपणे टाळता येत नाहीत. ओढून सुटणारी कडी १९६० च्या दशकात आली, आणि लोकांनी ती जिथे उभे होते तिथेच टाकली. १९७५ च्या सुमारास कॅनलाच चिकटून राहणारी कडी निघाली, तरी ती मोडून टाकणारे आहेतच. शिवाय कडी शेपटीसकट, शेपटीशिवाय, दुमडलेली अशा रूपांत येते आणि प्रत्येकीचा आकडा वेगळा. त्याच आकड्यांत तांबं-निकेलची नाणी असतात आणि सोन्याच्या पातळ अंगठ्याही.

म्हणून ठरवा, तुम्हाला काय हवंय. जुनी चांदी-तांब्याची नाणी हवी असतील तर कड्यांचा पट्टा ‘नॉच’ करून बंद करा आणि सुखाने फिरा. सगळी नाणी हवी असतील तर खणा. मधला मार्ग म्हणजे पहिल्या तासात आलेल्या दहा-बारा कड्यांचे आकडे मनात ठेवणं. एका बागेत बहुधा एक-दोनच प्रकार जास्त असतात, तेवढेच आकडे वगळायचे. मात्र बाजूला खिळा असेल तर नाण्याचा आकडा सरकून त्याच जागी येऊ शकतो, हे विसरू नका.

९. पत्र्याची बुचं नाण्यासारखा आवाज देतात. माझं मशीन बिघडलंय का?

नाही. बूच पोलादी असतं, पण पातळ, गोल आणि सपाट. त्या आकारात भोवरा प्रवाह मस्त फिरतात, म्हणून लोखंड असूनही वरचा सूर निघतो. डबल-डी कॉइलवर हा त्रास जास्त.

ओळखण्याच्या खुणा आहेत. कॉइल सरकवत बुचाला तिच्या मध्यातून टोकाकडे न्या. नाण्याचा आवाज नुसता विरतो, बुचाचा मात्र टोकाशी लोखंडी कुरकुरीत तुटतो. चांगल्या नाण्याचा आकडा सहसा एक-दोन घरांत राहतो, बुचाचा नाचतो. फ्रिक्वेन्सी बदलता येत असेल तर बदला, पोलादाचा आकडा बऱ्याचदा मोठी उडी मारतो. ‘आयर्न बायस’ नावाची सेटिंग असेल तर ती वाढवल्यावर बुचं लोखंडाच्या बाजूला झुकतात. पण ती फार वाढवली की खिळ्याशेजारचं नाणंही लोखंड ठरतं. मी ती बुचांच्या ढिगापुरती वर नेतो आणि नंतर परत खाली आणतो.

ॲल्युमिनियमचं फिरकीचं झाकण मात्र यातल्या कुठल्याच युक्तीला दाद देत नाही. ते खणायचं आणि पिशवीत टाकायचं.

१०. उगाच तत्त्वज्ञान नको, मॉडेल सांगा.

बरं. साधं, हातात घेऊन लगेच चालू करण्याजोगं हवं असेल तर माइनलॅब व्हॅन्क्विश मालिका. मल्टी-फ्रिक्वेन्सी आहे, पण रिकव्हरी स्पीड तुमच्या हातात नाही. ५४० चा प्रो-पॅक घेतला तर मोठ्या कॉइलसोबत ८ बाय ५ इंचांची छोटीही मिळते, म्हणून बागेसाठी त्याच संचाकडे माझा कल.

सगळ्या सेटिंग स्वतःच्या हातात हव्या असतील तर इक्विनॉक्स किंवा नोक्ता लेजंड. दोन्हींना ६ इंचांची कॉइल मिळते. एक्सपी ड्यूस २ चपळाईसाठी नावाजलेलं आहे आणि वजनाने हलकं, पण त्याचे मेन्यू शिकायला सवड काढावी लागते. गॅरेट एपेक्स हेही हलकं मल्टी मशीन. नोक्ता सिम्प्लेक्स प्लस १२ किलोहर्ट्झच्या एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतं, सुरुवात करायला चांगलं.

यातलं ‘सर्वोत्तम’ कुठलं हे मला विचारू नका. जे मशीन तुम्ही शंभर तास चालवाल, ते तुमच्या हातात नव्याने आलेल्या महागड्या मशीनपेक्षा जास्त नाणी देईल.

११. जुनं, वापरलेलं मशीन घ्यावं का?

घ्यावं, पण आधी त्या कंपनीचे सुटे भाग मिळतात का ते बघा. टेसोरो २०१८ मध्ये आणि व्हाइट्स २०२० मध्ये बंद झाली. दोघांची मशीनं गुणी होती, टेसोरोची तर लोखंडात फारच सरस. पण कॉइलची वायर तुटली तर नवी कॉइल शोधत फिराल. हाताळताना वायरचं टोक हलवून पाहा, खोटे आवाज आले तर सोडून द्या. बॅटरी आतच बसवलेली असेल तर ती किती तास टिकते ते चालवूनच कळेल.

१२. किती खोलीपर्यंत नाणं सापडेल?

ओलसर, सौम्य मातीत ११ इंचांच्या कॉइलने बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठं सपाट पडलेलं नाणं १५ ते २० सेंटिमीटरवर ऐकू येणं चांगलं समजा. नाणं उभं असेल, माती कोरडी आणि खनिज असेल किंवा शेजारी लोखंड असेल तर याच्या अर्धंही नाही. हवेत नाणं धरून केलेल्या चाचणीचे व्हिडिओ बघून मशीन निवडू नका. हवेत खिळे नसतात.

१३. विकत घेण्याआधी कचऱ्यातली कामगिरी कशी तपासायची?

चार लोखंडी खिळे आणि एक नाणं घ्या. धातू नसलेल्या लाकडी फळीवर खिळे वेगवेगळ्या दिशांना आडवे ठेवा, मधे नाणं, सगळं मिळून साधारण तळहाताएवढ्या जागेत. कॉइल चार दिशांनी फिरवा. नाणं किती दिशांनी बोलतं ते मोजा. चारांपैकी दोन दिशांनीही स्वच्छ आवाज आला तर मशीन आणि कॉइलची जोडी कामाची. मग एकदा रिकव्हरी स्पीड बदलून, एकदा लोखंड पूर्ण बंद करून हेच करा. प्रश्न ५ आणि ७ मधलं सगळं पाच मिनिटांत कानाने कळेल. दुकानात करू नका, फरशीखाली सळया असतात.

१४. आजची चालू नाणी सापडतच नाहीत, असं का?

कारण त्यांतली बरीच लोखंडाचीच आहेत. युरोची १, २ आणि ५ सेंटची नाणी म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं पोलाद. ब्रिटनची १ आणि २ पेनीची नाणी १९९२ पासून तशीच. भारतातली कित्येक नाणी लोहचुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलची. लोखंड बंद करून फिरलात तर ही नाणी गप्प राहणार, आणि चालू ठेवलं तरी आकडा नाचरा येणार. उलट अमेरिकेची १९८२ नंतरची एक सेंटची नाणी आतून जस्ताची आहेत. ती जमिनीत कुरतडल्यासारखी झिजतात, आणि झिजली की आकडा घसरतो.

खिशात आहेत ती नाणी जमिनीवर ठेवून प्रत्येकाचा आकडा आधी लिहून घ्या. पुस्तिकेत छापलेले आकडे दुसऱ्याच देशाच्या नाण्यांचे असू शकतात.

१५. एकाच जागी आकडा दर वेळी वेगळा येतो. खणू का?

नव्वद अंशांत वळून दुसऱ्या बाजूने फिरवा. एका बाजूने नाणं आणि दुसऱ्या बाजूने लोखंड येत असेल तर दोन शक्यता. एक म्हणजे शेजारी खिळा असलेलं नाणं, दुसरी म्हणजे वाकडा गंजका खिळा, जो एका कोनातून चांदीचा आव आणतो. कॉइल आखूड हलवत जागा शोधा. वरचा सूर नेमका एकाच ठिकाणी राहत असेल तर खणा, फिरलात की सूरही सरकत असेल तर बहुधा खिळा.

आणखी एक गमतीची स्थिती म्हणजे एकत्र पडलेली चार-पाच वेगवेगळी नाणी. सगळ्यांचा मिळून भलताच आकडा येतो. एक नाणं मिळालं की खड्ड्यात पुन्हा मशीन लावा. मी तर कडी निघाली तरी लावतो.

१६. बागेत एका भागात मशीन सतत बडबडतं. कॉइल खराब?

आधी वर बघा, मग खाली. विजेच्या तारा, दिव्यांच्या खांबांना जाणाऱ्या जमिनीखालच्या केबल, पाण्याचा पंप, हे सगळे दंगा करतात. नॉइज कॅन्सल (बाहेरचा विजेचा गोंगाट टाळणारी सेटिंग) चालवा, नाही जमलं तर फ्रिक्वेन्सी बदला, मग सेन्सिटिव्हिटी उतरवा. लहान कॉइलला हा त्रास कमी होतो, तिच्या बाजूने आणखी एक मुद्दा. खिशातला मोबाइल कॉइलपासून लांब ठेवा.

१७. पिनपॉइंटर आणि हेडफोन लागतातच का?

पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात नाण्याची नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर, हो. त्याच्याविना खड्डा दुप्पट मोठा होतो आणि बागेची वाट लागते. हेडफोनही घ्याच, कारण प्रश्न ७ मधली ती ‘टिक’ रस्त्याच्या आवाजात ऐकू येत नाही. बिनतारी असतील तर आवाज उशिरा येत नाही ना ते पाहा. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज येईपर्यंत कॉइल पुढे गेलेली असते.

१८. ‘ही बाग सगळ्यांनी चाळून झालीय’ असं सांगतात. जाण्यात अर्थ आहे?

चाळली ती मोकळी जागा. आधीच्यांनी मोठ्या कॉइल लावून, लोखंड बंद ठेवून, झपझप चालत चाळलेली असते. कचऱ्याचे ढीग त्यांनी ओलांडले. म्हणून मी जिथे लोक कंटाळतात तिथेच सुरू करतो, जुन्या बाकांच्या मागे, जिथे खाण्यापिण्याने पत्रा पसरलाय तिथे. छोटी कॉइल, एका जागी तीन बाजूंनी, पाऊल अर्धंच पुढे.

१९. परवानगी आणि खड्डे?

बाग ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी घ्या, शक्यतो लेखी. जुन्या वास्तूंभोवती आणि संरक्षित जागी तर मशीन गाडीतून बाहेरही काढू नका. गवताचं झाकण तीन बाजूंनी कापून उलटवा, चौथी बाजू जोडलेली राहू द्या. माती फडक्यावर काढा, म्हणजे परत भरता येते. निघालेला पत्रा सोबत न्या. परत खड्ड्यात टाकलात तर पुढच्या वेळी तुम्हालाच तो पुन्हा खणावा लागेल.

२०. जुनं नाणं सापडलं. कसं धुऊ?

घासू नका. साध्या पाण्यात भिजत ठेवा, बोटाने माती सोडवा, बस. ब्रश, चिंच, टूथपेस्ट यांनी चकाकतं ते नाण्याचं अंग असतं, जे परत येत नाही. आणि नाणं खरोखर फार जुनं वाटलं, किंवा एकाच जागी बरीच निघाली, तर हात थांबवा. सापडलेल्या जागेचा फोटो काढा आणि तुमच्या देशाच्या कायद्याने ते कोणाला कळवायचं ते आधी बघा. गंजलेलं, जड, नळकांड्यासारखं काही दिसलं तर त्याला हातही लावू नका, लांब सरका आणि पोलिसांना फोन करा.